सात कोरी तिकिटं

१

घारीच्या तिकिटावर शिक्का कुठून आला, या एका गोष्टीने तिला रात्रभर डोळा लागू दिला नाही. एरवी तिच्या जागरणांना निदान चारचौघांत सांगण्यासारखं कारण असे. पोरीचा कोरडा खोकला, गच्चीचं उघडं राहिलेलं दार, हातून सुटलेली कामाची तारीख. पण टपालाच्या तिकिटावरचा शिक्का म्हणजे अगदीच काहीतरी. नवऱ्याला उठवून सांगायचीही लाज वाटावी असं.

सकाळी चिऊ मोरीत दात घासत होती, म्हणजे मुख्यतः पाण्याशी खेळत होती, तेवढ्यात तिने अल्बम पुन्हा उघडला. हा अल्बम चिऊला आजोबांनी पाठवलेला. सोबत बोथट टोकांचा चिमटा आणि त्यांचं स्वतःचं जुनं भिंगही. शेवटच्या पानावर शिकारी पक्ष्यांची सात तिकिटं होती. घार, कापशी, शिक्रा, घुबड, गिधाड, ससाणा आणि गरुड. सातही कोरी. टपालखात्याच्या शाईचा ठिपकाही न लागलेली. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ती तिकिटं पाकिटांवरून तिनेच सोडवली होती. कोपरा कात्रीने कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट आपणहून कागद सोडतं; मग चिमट्याने उचलून टीपकागदात दाबून ठेवायचं. ओल्या तिकिटावर शिक्का असता तर दिसला असता. शाई काही लाजून लपून बसत नाही.

आता घारीच्या दुभंगलेल्या शेपटीवर काळी कमान होती. तिने भिंग धरलं. गावाचं नाव अर्धवट उठलं होतं. तारीख मात्र स्वच्छ होती.

कालची. सकाळी अकराची वेळ.

औषधांच्या डब्यात जी घडी घातलेली पत्रकं येतात, त्यांचं भाषांतर करणं हे तिचं काम. घरी बसून, ओट्याशेजारच्या टेबलावर. त्या पत्रकांत दुष्परिणामांच्या तीन पायऱ्या असतात. सामान्य, क्वचित, अतिशय क्वचित. वर्षानुवर्षं तेच लिहून तिला सगळं जग या तीन पायऱ्यांवर बसवायची खोड लागली होती. शिक्का आधीपासून होता आणि आपण पाहिला नाही: सामान्य. चिऊने पेनाने काढला: क्वचित. तिसऱ्या पायरीवर काय लिहावं ते तिला सुचेना.

"आई, मी थुंकू?" मोरीतून आवाज आला.

"थुंक गं बाई. त्यालाही परवानगी?"

तिने अल्बम मिटला आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, चिऊचा हात पोचणार नाही अशा जागी. स्वतःला मात्र म्हणाली, धूळ बसते म्हणून.

२

ती तिकिटं सोडवायची नव्हतीच, खरं तर.

तिचे बाबा टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करायचे. चाळीस वर्षं एका भिंतीसमोर उभं राहून त्यांनी खणाखणांत पत्रं टाकली. निवृत्त झाल्यावर ते एकटेच राहत, इथून बसने तीन तासांवर, एका चार मजली इमारतीच्या सगळ्यात वर. फोनवर बोलणं त्यांना जमत नसे. हवापाणी झालं की विचारायचे, "बरं, ठेवू?" पण चिऊला ते पत्रं लिहीत. प्रत्येक पत्रात एक पक्षी. ही घार, उंचावरून तिला खाली काय हललं ते दिसतं. हा शिक्रा, हा आवाज न करता येतो. आणि पत्रासोबत दरवेळी एक दुसरं पाकीट, घडी घालून. त्यावर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात त्यांचाच पत्ता, आणि कोपऱ्यात त्याच पक्ष्याचं कोरं तिकीट चिकटवलेलं. उत्तरासाठी. लेकीला पत्ता लिहायचे कष्ट नकोत, तिकीट आणायची सबब नको.

चिऊ दरवेळी चित्र काढायची. आजोबा म्हणजे एक गोळा आणि त्यातून निघालेले चार पाय. "पाठव हं," असं बजावून आईच्या हातात द्यायची. आई म्हणायची, "हो, उद्या." आणि चित्र त्या पाकिटात घालून पाकीट ओट्याखालच्या खणात टाकायची. घराबाहेर पडून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जायचं, एवढंच काम. पण तेवढंच राहून जायचं. तिला स्वतःलाही याचं कधी उत्तर देता आलं नाही.

मग एक दिवस चिऊला तिकिटांचा नाद लागला. बाबांच्या पत्रांवरची तिकिटं शिक्क्यांनी बरबटलेली. खणात मात्र सात स्वच्छ तिकिटं आयती पडून होती. कात्री हाताशी होती. पाणी कोमट होतं.

चिऊने फक्त एवढंच विचारलं होतं, "मग आता पत्र कसं जाणार?"

"जाईल," ती म्हणाली होती.

आणि बाबांनी फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पाठवलंय की, बाबा. परवाच टाकलं."

"कुठल्या पेटीत?"

"कोपऱ्यावरच्या."

"किती वाजता?"

"बाबा, मी काय घड्याळ लावून टाकते का पत्र?"

"ती पेटी साडेचारला उघडतात. आधी टाकलं असशील तर गुरुवारी इथे यायला हवं."

गुरुवारी त्यांचा फोन आला. मग शुक्रवारी. "मिळालं नाही गं."

"गहाळ झालं असेल."

तेव्हा ते जरा दुखावल्यासारखे बोलले होते. "टपालात काही गहाळ होत नाही. उशीर होतो. बघतो उद्या."

ते बघत राहिले. रोज अकराला चार मजले उतरायचे, खालची पेटी उघडायचे, चार मजले चढायचे. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर तिला सांगितलं, "किती वेळा म्हटलं, मी आणून देते वर तुमचं टपाल. ऐकतील तर शपथ. म्हणायचे, नातीचं पत्र आहे, मीच घेणार. त्या दिवशी तर तिसऱ्यांदा उतरत होते."

तिसऱ्या फेरीत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय चुकला.

याला दोन महिने झाले होते. पाकिटं फेकवेनात म्हणून तशीच खणात राहिली, कोपरे कापलेली. हे सगळं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. काकू बोलत होत्या तेव्हा ती नुसती मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल चाललंय.

३

मंगळवारी अकराला तिने जिन्यात चपलांचा आवाज ऐकला.

तिच्या इमारतीत हे काही नवल नव्हे. दिवसभर कुणी ना कुणी चढत-उतरत असतं. पण हा आवाज उतरणाऱ्याचा होता, आणि गुडघे दुखणाऱ्याचा. दोन्ही पाय एका पायरीवर घ्यायचे, थांबायचं, मग पुढची. फट्, फट्. थांबा. फट्, फट्. शेवटी खाली पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. खट्.

ती वाट बघत राहिली. वर चढण्याचा आवाज आलाच नाही.

तिने दार उघडून कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली सगळ्या पेट्या मिटलेल्या. पोस्टमन तर इथे एकला येतो.

चिऊ उंबऱ्यात येऊन बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकून. शाळेतल्या बाई गोष्ट सांगायला लागल्या की ती अशी बसते.

"काय करतेस इथे?"

"काही नाही."

त्या दुपारी कापशीवर शिक्का होता. आजची तारीख, अकरा वाजता. बुधवारी शिक्र्यावर. बुधवारीच तिने धीर करून ओट्याखालचा खण उघडला आणि पाकिटं मोजली. चार. पुन्हा मोजली. तीन पाकिटं खणात नव्हती, आणि त्यांतली चित्रंही.

रात्री जेवताना तिने नवऱ्यासमोर अल्बम ठेवला.

"छान आहेत," तो म्हणाला.

"शिक्के बघ."

"तिकिटावर शिक्का नसेल तर काय असेल?"

"ही कोरी होती. मी स्वतः सोडवलीत."

त्याने आधी भिंगातून तिकिटांकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "परवा तू चहात मीठ घातलंस. त्याच्या आदल्या दिवशी चिऊला उलटा फ्रॉक घालून शाळेत पाठवलंस. मी काही म्हटलं?"

"आता म्हणतोयस की."

"म्हणतोय एवढंच, की तुला झोप हवीय. बाबा गेल्यापासून तू धड झोपलेली नाहीस." तो हे मायेनेच बोलला. तिने अल्बम मिटला. त्याला पाकिटांबद्दल सांगायचं, तर कापलेल्या कोपऱ्यांबद्दल सांगावं लागलं असतं. आणि मग गुरुवारबद्दल.

अपुऱ्या झोपेमुळे भ्रम: सामान्य. असं तिने मनात लिहिलं, आणि ताटं उचलली.

४

शनिवारपर्यंत सहा झाली. घुबड, गिधाड, ससाणा. रोज अकराला चपला, मग खट्, मग शिक्का. खणात एकच पाकीट उरलं, गरुडाचं. ते रिकामं होतं. बाबांचं हे शेवटचं पत्र आलं, तेव्हा चिऊ तापाने पडली होती. चित्र काढायचं राहिलं आणि मग बाबाच राहिले नाहीत. पत्रात एकच ओळ होती. हा गरुड, हा लहानसहान काही नेत नाही.

शनिवारी दुपारी ती चिऊला भरवत होती. पोरगी पाचाला टेकली तरी घाईच्या दिवशी भरवावं लागायचं.

"एक घास आईचा," ती म्हणाली. "एक घास बाबाचा."

चिऊने खाल्ले.

"एक घास आजोबांचा."

"तो नको," चिऊ म्हणाली. "त्यांना नाही लागत आता. एक घास गरुडाचा."

"गरुड काही पोळी खात नाही."

"हो ना," चिऊ विचारात पडून म्हणाली, आणि आ करायचं विसरली.

रविवारी जिना शांत होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. रविवारी टपाल नसतं, हे लक्षात आलं तेव्हा ती ओट्याला टेकून एकटीच हसली. भुतंदेखील सरकारी सुट्ट्या पाळतात तर. मग हसू आवरलं, कारण 'भुतं' हा शब्द तिने आतापर्यंत मनातसुद्धा उच्चारला नव्हता.

ती वाळलेले कपडे घड्या करायला बसली. चिऊचा पिवळा स्वेटर हातात आला, तेव्हा उजव्या खांद्याशी बोट आरपार गेलं. चार भोकं होती. पुढे तीन, ओळीने, आणि मागे एक. लोकर उसवलेली नव्हती. जाड दाभण टोचून काढावं तशी गोल, साफ भोकं.

उंदीर, तिने ठरवलं. कसर. दोरीवरचे चिमटे. तिने दोरीवरचा चिमटा आणून लावून पाहिला. चिमट्याला दोन टोकं असतात.

"चिऊ, हा स्वेटर कधी घातला होतास?"

"काल. जिन्यात."

"जिन्यात काय करत होतीस?"

चिऊने खांदे उडवले. तिने फ्रॉकची बाही सरकवून तिचा उजवा खांदा पाहिला. कातडीवर काही नव्हतं. कुणीतरी फक्त अंदाज घेतला होता, वजनाचा.

५

सोमवारी सकाळी सातला काकूंचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाबांच्या पेटीत पत्रं साठलीत. झाकण लागत नाहीये. घेऊन जा बाई येऊन एकदा, बरं नाही दिसत."

"कुणाची पत्रं, काकू?"

"मी कशाला बघू दुसऱ्यांची पत्रं?" काकू म्हणाल्या. "बिनतिकिटाची दिसतात. पोस्टमन म्हणतो, मी नाही टाकली."

नवरा कामावर गेला होता. चिऊला शेजारी ठेवायचा विचार तिने केला. पण मग अकराला चिऊ कुठल्या तरी जिन्याजवळ असणार आणि आपण तीन तासांवर. तिने चिऊला सोबत घेतलं. अल्बमही पिशवीत टाकला, आणि ते सातवं पाकीट. का, ते तिला सांगता आलं नसतं. दवाखान्यात जाताना आपण जुने कागद नेतो, तसं.

बसमध्ये चिऊ खिडकीला नाक लावून आभाळ बघत होती. झाडं नाही, गाड्या नाहीत. आभाळ.

इमारत होती तशीच. रंग उडालेला जिना, चारही मजल्यांच्या मधून वरपर्यंत गेलेली मोकळी जागा, आणि सगळ्यात वर छतात बसवलेली मोठी काच. तिच्यातून उजेड सरळ तळापर्यंत पडायचा. लहानपणी ती या उजेडात उभी राहून वर बाबांना हाक मारायची. खाली भिंतीवर पत्र्याच्या आठ पेट्या. बाबांच्या पेटीचं झाकण अर्धवट उघडं.

अकराला पाच मिनिटं होती. तिने मुद्दाम घड्याळ पाहिलं नव्हतं, पण दिसलं.

आत सहा पाकिटं होती. बाबांचं टपोरं अक्षर, बाबांचाच पत्ता, आणि उजव्या कोपऱ्यात तिच्या कात्रीने कापलेली तिरकी रेघ. तिने एकेक उघडलं. गोळा आणि चार पाय. गोळा आणि चार पाय, शेजारी फूल. सहाही चित्रं होती. प्रत्येक पाकिटावर मधोमध चार भोकं. पुढे तीन, मागे एक.

कोपरा कापलेलं पाकीट टपालखात्याने घेतलं नसतं. कुणीतरी ते हातानेच आणून टाकलं होतं. हाताने, असं ती मनात म्हणाली, आणि तो शब्द तिथेच सोडून दिला.

टपालात काही गहाळ होत नाही. उशीर होतो.

तिने पिशवीतून अल्बम काढला. शेवटचं पान. सहा शिक्के मारलेली तिकिटं, आणि सातवं अजून कोरं. तिला हायसं वाटलं, पण अर्धा क्षणच. मग तिने पानाला डोळा लावून पाहिलं.

निळं आभाळ होतं. कोरडी फांदी होती. खाली बारीक अक्षरात छापलेलं नाव होतं, गरुड. फांदीवर कुणी नव्हतं.

६

वरच्या काचेवर काहीतरी बसलं.

आवाज मोठा नव्हता. जड ओझं सावकाश टेकवावं तसा, आणि मग काचेवर नखं सरकली, एकदा, जागा नीट करून घ्यावी तशी. तळाच्या फरशीवर पडलेला उजेडाचा चौकोन मधोमध काळा झाला. तिने वर पाहिलं नाही. मान वर झाली तर आपण जे पाहू ते पुन्हा न पाहिल्यासारखं करता येणार नाही, एवढं तिला कळत होतं.

चौथ्या मजल्यावर दाराची कडी वाजली. बाबांच्या दाराची. तिचा आवाज ती झोपेतही ओळखेल. किल्ली मात्र तिच्या पिशवीत होती.

फट्, फट्. थांबा.

"चिऊ, इकडे ये."

चिऊ उजेडाच्या चौकोनात जाऊन उभी राहिली होती, त्या काळ्या भागाच्या बरोबर मध्ये. दोन्ही हात वर करून. दमली की, चालायचं नसलं की ती अशीच करते. बोटं उघडमिट करत, उचल ना म्हणून. फक्त तिचं तोंड आईकडे नव्हतं. ती वर बघत होती.

फट्, फट्. तिसरा मजला. फट्, फट्.

तिने धावत जाऊन चिऊला कमरेला विळखा घातला आणि खाली बसली. पोरीच्या अंगाला वजनच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते निम्मं दुसऱ्या कुणीतरी पेललं होतं. तिने तिला छातीशी ओढलं, नव्या फ्रॉकचा खांदा आपल्या तळहाताने झाकला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चार ठिकाणी गार टोचलं. अगदी हलकं. पुढे तीन, मागे एक.

सातवं पाकीट रिकामं होतं. त्यात काहीतरी जायलाच हवं होतं.

फट्, फट्. मग आवाज थांबला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.

"मी पाठवली नव्हती," ती म्हणाली. तिचाच आवाज जिन्यातून वर घुमत गेला. "चिऊ, ऐक. तुझी चित्रं मी आजोबांना पाठवलीच नाहीत. एकही नाही. तिकिटं कापून तुला दिली. टाकली म्हणून खोटं सांगितलं. गहाळ झाली म्हणाले, तीही खणात होती. ते उतरायचे ते माझ्यामुळे. माझ्यामुळे, चिऊ."

जिन्यात काहीच हललं नाही. फरशीवरचा काळा भाग होता तिथेच होता. तिच्या हातावरचं टोचणं ना वाढलं ना सुटलं. कुणीतरी मान कलती करून ऐकत असावं, आणि बोलणं खरंच संपलं का याची वाट बघत असावं, तशी ती शांतता होती.

चिऊने हात खाली घेतले. आईच्या गळ्यात टाकले, आणि तिच्या कानाशी तोंड नेलं, गुपित सांगताना नेते तसं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण मी आजोबांना नव्हतं सांगितलं. मी रोज जिन्यात त्यांना म्हणायचे, उशीर होतोय. आता त्यांनी ऐकलं ना."